उतरवलेली पट्टी

धाकट्यानं हेडफोन कानांवर चढवला आणि गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या नव्या अँपचं बटण दाबलं. डबा जेमतेम उशीएवढा, किंमत बेताची, पण पोटात नाना तऱ्हेचे आवाज. जुना अँप जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागायची, त्यातला एक नेहमी दादा. हा एकट्यानं उचलता येतो, म्हणून तर घेतला होता.

दौऱ्यावर निघालेल्या एका बँडनं त्याला बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं आणि त्याचा पाय काही निघत नव्हता.

घरचा बँड तिघांचा. दादा गायचा, वहिनी कीबोर्डवर, हा गिटारवर. दादाचा आवाज कधीच उतरला होता. वरच्या सुराला फाटायचा. तेव्हा धाकट्यानं गुपचूप तारा एक स्वर खाली लावल्या, वहिनीनं कीबोर्डची पट्टी बदलली आणि दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. दादा मात्र जो भेटेल त्याला सांगायचा, विशीतली पट्टी अजून सोडलेली नाही! नवा गिटारवाला आला की खऱ्या पट्टीत वाजवणार आणि भरल्या हॉलमध्ये दादाचा आवाज फाटणार. आलेली बोलावणी धाकटा याच पायी परतवत आला होता.

आज त्यानं तोड काढली होती. हा अँप सूर आपोआप खाली उतरवायचा. एकेका गाण्यासाठी ती उतरवलेली पट्टी त्यानं अँपमध्ये साठवून ठेवली. आता कुणीही वाजवलं तरी दादा सांभाळला जाणार होता. डबा मात्र इथेच सोडून जावा लागणार होता. असू दे, म्हणाला तो मनाशी.

शेवटी तारा जुळवायला त्यानं पायानं बटण दाबलं. तारा जुळवताना हा अँप आवाज बंद करतो. हेडफोनमध्ये शांतता झाली आणि तालमीच्या खोलीत मागे बसलेल्या वहिनीचा आवाज आला.

"हळू बोला, ऐकेल तो."

"कानात ढणढणतंय त्याच्या," दादा म्हणाला.

"तो या वेळी खरंच जाईल हो. लक्षण दिसतंय."

"कुठे जातोय! माझा आवाज उतरलाय हे मला कळत नाही, असं वाटतंय त्याला. तेवढं वाटतंय तोवर तो हलत नाही."

"सांगून टाका ना एकदा. किती वर्षं अडकवाल त्याला?"

"आणि मग वाजवणार कोण? तू?"

धाकट्याचं बोट तारेवरच राहिलं. त्याला राग आला, आणि रागाच्या आधी लाज वाटली. हेडफोन काढून त्यानं वायर गुंडाळली, गिटार पिशवीत घातली. अँप एका हातानं उचलला. खरंच हलका होता.

दादा माइकपाशी येऊन घसा खाकरत होता.

"अरे, निघालास कुठे? तालीम कोण करणार?"

"दुसरा बघ, दादा."

"दुसरा? आणि त्याला पट्टी कुठली सांगू?"

वहिनीनं मान खाली घातली. धाकटा दारात थांबला.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला.