फुगली बॅटरी, बदनाम मी

मी टचपॅड बोलतोय. लॅपटॉपच्या कळांखालचा गुळगुळीत चौकोन, ज्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण पळतो, तोच मी. आधी बिघडलेला ठरवलं, शेवटी उपटून काढलं. पण मी बिघडलो नव्हतो! हे ठणकावून सांगायलाच तोंड उघडलंय.

कारखान्यातलं बालपण मला आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते हुवेई गावात, कुओबाबांच्या घरी. बाबा हातबाहुल्यांचा खेळ करायचे. तर्जनीवर बाहुलीचं डोकं, अंगठ्यावर आणि मधल्या बोटावर तिचे हात. वय पंचाहत्तरीच्या पुढे आणि सगळे खेळ नुसते डोक्यात. ते लिहून ठेवावेत म्हणून लेकीने, श्यो-लानने, लॅपटॉप आणला, सोबत माऊसही दिला. बाबांनी माऊस खणात टाकला. बाहुली कुणी काठीने हलवतं का, म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं बोट आणि मी. काय बोट होतं ते! हलकं, नेमकं, जिथे ठरवलं तिथेच थांबणारं. घरात जेवढं त्यांना कुणी ओळखत नसेल, तेवढं मी ओळखायचो.

मग एका हिवाळ्यात माझ्या पाठीला खालून काहीतरी टोचू लागलं. खालची बॅटरी फुगत चालली होती. आधी नुसतं दाटल्यासारखं वाटायचं, पुढे श्वास घेणं मुश्किल झालं. बाण आपोआप पळायचा, न दाबता क्लिक व्हायचं. मी जीव तोडून ओरडत होतो, ‘अरे, खाली बघा!’ पण आमच्याकडे यंत्र हट्टाला पेटलं की आधी खाली बघत नाहीत, वर खाऊ ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. मक्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट, हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत. बँकेतसुद्धा ठेवतात.

श्यो-लाननेही ठेवलं. बाण पळतच राहिला. तिने पाकिटावरची तारीख पाहिली, तर उलटून गेलेली! झालं, दोष सापडला. नवीन पाकीट आलं. तेही लागू पडेना, तेव्हा उचलून पाहिलं तर हलकं लागलं.

‘‘बाबा, तुम्ही यातलं खाल्लंत?’’

‘‘दोनच तुकडे,’’ बाबा म्हणाले.

मग महिनाभर त्या दोन तुकड्यांवरून बाबांना टोमणे. आणि बॅटरी फुगतेच आहे, कुणाला पत्ता नाही. घर पेटलं असतं, म्हणजे कळलं असतं!

पण मला खरी चीड आली ती पुढे. एका दुपारी बाण चार वेळा भलतीकडे गेला, तेव्हा बाबांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघत राहिले. समुद्राच्या माझूदेवीच्या वाढदिवसाला देवळापुढे त्यांचा खेळ ठरलेला होता. त्यांनी देवळात निरोप धाडला, दुसरा कुणीतरी बघा. बाहुल्यांच्या पेटीला कुलूप लावलं. लेकीला एवढंच म्हणाले, ‘‘हात कापतो माझा आता.’’

खोटं! साफ खोटं! तो हात दिवसभर माझ्या छातीवर असायचा. त्याचा केसाएवढा कंप मला कळला नसता? पण टचपॅडची साक्ष कोण काढतो?

शेवटी श्यो-लान लॅपटॉप घेऊन निघाली, बाबाही मागे गेले. दुरुस्तीवाल्या ल्याओने खालचं झाकण काढलं आणि एक पाऊल मागे सरला. ‘‘टचपॅडचा काही दोष नाही हो. बॅटरी बघा, उशीसारखी झालीय. तीच त्याला ढकलत होती.’’

सुटलो, म्हटलं! तर पुढचं वाक्य, ‘‘पण दाबून दाबून तडकलाय, बदलावाच लागेल.’’ घ्या, निर्दोष ठरलो आणि फाशीही झाली.

बॅटरी नवी, माझ्या जागी पॅड नवं. ल्याओने बाबांना बोट फिरवायला सांगितलं. बाबा हात पुढे करीनात. लेकीने मनगट धरून टेकवला, तेव्हा बाण सरळ गेला आणि बाबांनी थांबवला तिथे थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला.

‘‘म्हणजे माझा हात...’’ बाबा म्हणाले. श्यो-लानने तोंड फिरवून डोळे पुसले. मघापर्यंत पाकिटावरून भांडत होती तीच.

त्या नव्या पॅडला शाबासकी मिळाली. मिळू दे! मी महिनाभर तेच ओरडून सांगत होतो.

ल्याओ मला डब्यात टाकणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘तो इकडे दे.’’ घरी येऊन पेटीचं कुलूप काढलं, देवळात निरोप धाडला आणि मला खेळाच्या छोट्या रंगमंचावर, अगदी मधोमध, पक्कं बसवून टाकलं.

आता मी तडकलेला, तारा तुटलेला, कुठलाही बाण न हलवणारा. माझी कीव करू नका. तुमच्याकडे कुणी हट्टाला पेटलं, तर पाकीट जरूर ठेवा, पण त्याआधी त्याच्या खाली काय दाटलंय ते एकदा बघा.

परवा देवीपुढे खेळ झाला. बाबांच्या बोटांवरचा लाल तोंडाचा सेनापती माझ्यावर एका पायावर उभा राहिला. देवळासमोरची माणसं श्वास रोखून बघत होती, पडतो की काय. मी एकटाच निवांत होतो.