टेबलावरचा हात

फिटरने दातांनी दोरा तोडला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुईच्या नेढ्यात ओवलं. शर्टाचं बटण सकाळपासून लोंबत होतं. पडद्यावर नावाडीण गुडघाभर पाण्यात उभी राहून नाव ढकलत होती आणि मागे काठावर चालत्या मुडद्यांची रांग लागली होती. पाण्यात पाय घालायची त्यांची टाप नव्हती. मालिकेचा पहिल्या भागापासूनचा तो नियम होता. नावाडीण मागे वळून काहीतरी बोलली. खाली संवादाची ओळ उमटली : ‘मागे राहिला तो माझा नाही.’ फिटरने सुई कापडात खुपसून ठेवली आणि तिच्या जबड्याकडे पाहिलं.

जबडा पुरता उघडला नव्हता. गळ्याची शीर ताठ न होता खाली बसली होती. हे आपल्याला लिहिता येईल, असं त्याला वाटलं.

एरवी रविवारी दुपारी ‘नदीपल्याड’ लागलं की त्याचा डावा हात टीव्हीच्या टेबलावर पालथा असे. टेबल जुनं, लाकडी; एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. ढोल वाजला, दार फुटलं, कोणी किंचाळलं की ते तळहाताला कळायचं. आज दोन्ही हात बटणात गुंतले होते.

कापडाच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात त्याची उमर गेली होती. तिथे कोणाचंच कोणाला ऐकू जात नसे. ओठ वाचायचे, बोटांनी खुणा करायच्या, जेवणाच्या सुट्टीतही सवयीने तसंच बोलायचं. सगळेच बहिरे असले की बहिरेपण कोणाच्या लक्षात येत नाही. ते निवृत्तीनंतर लक्षात आलं. कानाचं यंत्र आणलं, तर त्यातून शब्द येण्याऐवजी कारखान्यातले मागच परत सुरू झाले. ते आता सेल काढून ड्रॉवरमध्ये पडलं होतं. बायको होती तोवर ती तोंडासमोर येऊन बोलायची, चिडली तरी समोर येऊनच चिडायची. ती गेली, आणि घरात समोर येऊन बोलणारं कोणी उरलं नाही.

बहिऱ्या माणसाशी लोक आधी मोठ्याने बोलतात, मग थोडं बोलतात आणि मग बोलायचंच सोडून देतात. फिटरने हे तिन्ही टप्पे पाहिले होते. म्हणून फोनवरच्या गटात त्याने कानांचा विषय कधी काढला नव्हता.

‘नदीपल्याड’च्या चाहत्यांचा तो गट. तिथे कोणी खरं नाव लावत नसे, धंद्यावरूनच ओळख. मास्तर शाळेत शिकवायचे आणि प्रत्येक भागाच्या गतीला दहापैकी गुण द्यायचे. कंपाउंडर औषधांच्या दुकानातून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, टपल्या मारायचा. टेलिफोनबाई कुठल्याशा कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसायच्या. दिवसभर कानाशी लोकांचे आवाज, त्यामुळे उच्चार हा त्यांचा प्रांत. आणि अभिनय फिटरचा. मुडद्यांच्या गर्दीतला कोणता नट वळताना लंगडायचं विसरला, हे तो नेमकं सांगायचा. तिथे कोणी त्याला सांभाळून घेत नव्हतं. त्याच्याशी भांडत होते. आठवडाभरात त्याच्याशी कोणी भांडायची तेवढी एकच जागा होती.

गेल्या रविवारी नावाडणीवरूनच जुंपली होती.

“ही नदीकाठची बाई आहे की बातम्या द्यायला बसलीय?” टेलिफोनबाईंनी लिहिलं होतं. “प्रत्येक अक्षर इस्त्री केलेलं.”

“अहो, मागे मुडदे लागलेत. त्यात उच्चार कोण बघतंय?” कंपाउंडर.

“घाबरलेला माणूस घरच्या बोलीत ओरडतो, कंपाउंडर. मी रोज ऐकते.”

“उच्चार राहू द्या. किती भाग झाले, नाव अजून काठालाच,” मास्तर म्हणाले. “माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं यापेक्षा लवकर निबंध संपवतात.”

“मास्तर, ते मेलेले आहेत,” फिटरने लिहिलं. “त्यांना कसली घाई?”

त्यावर हशा झाला आणि तेवढ्यात टेलिफोनबाईंनी त्याला कोपऱ्यात गाठलं. “फिटर, तुम्ही अभिनयावर बोलता, गतीवर बोलता. उच्चारांचं निघालं की मिठाची गुळणी धरून बसता. पुढच्या भागाला बाजू घ्यायची. सुटका नाही.”

उच्चारांवर दोन शब्द टाकायची वेळ आलीच, तर तो आधी इतरांचं वाचायचा आणि त्यातलं थोडं उसनं घेऊन पुढे करायचा. आज मात्र त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी होतं. भाग संपताच त्याने शर्ट बाजूला ठेवला, आणि कोणाचं काही न वाचता लिहायला घेतलं.

‘टेलिफोनबाई, आज मी नावाडणीच्या बाजूने. आजवर ती तोंड भरून बोलायची. आज नाव ढकलताना तिने शब्द दातांआड ठेवले. मागे राहिलेल्यांबद्दल बोलली तेव्हा आवाज चढला नाही, खाली उतरला. ही बातम्या देणारी नव्हे. आज तिच्या उच्चाराची इस्त्री मोडली.’

पाठवलं आणि तो वाट पाहत बसला. एकामागून एक हसरे चेहरे यायला लागले.

“फिटर! अहो, मेलो हसून!” कंपाउंडर. “मुडदा बशिवला त्या चॅनेलवाल्यांचा, निम्म्यापासून आवाज गायब. मी इथे रिमोट आपटून त्याची पाठ फोडली, आणि तुम्ही तिच्या उच्चारांवर प्रवचन देताय!”

“वर्षातला सर्वोत्तम शेरा,” मास्तरांनी लिहिलं. “दहापैकी दहा. मी सहसा देत नाही.”

फिटरने ते पुन्हा वाचलं. मग अंगठ्याने वर सरकवत गेला. त्याच्या मजकुराच्या वर तक्रारींची रांग होती : तुमच्याकडे आवाज येतोय का? इथेही नाही. केबलचं आहे की चॅनेलचं? तो उठला आणि टेबलावर हात ठेवला. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती आणि टेबल आता व्यवस्थित थरथरत होतं.

तो उभ्या उभ्याच लिहिता झाला : ‘कोणीतरी हसवायला हवं होतं ना.’

पुन्हा हशा. टेलिफोनबाईंनी मात्र काही लिहिलं नाही.

त्या आठवड्यात गटात त्याचा भाव वधारला. कोणी काही गंभीर लिहिलं की कंपाउंडर विचारायचा, “फिटरच्या कानाने ऐकलंत का?” फिटर हसरा चेहरा टाकायचा आणि फोन उपडा ठेवायचा. लेकीचा व्हिडिओवर फोन आला तेव्हाही त्याचं लक्ष नव्हतं. चित्र मधेच अडकत होतं. तिचे ओठ थांबायचे आणि मग धावायचे.

“हो, हो. जेवलो,” तो म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला आणि फोन तोंडाजवळ घेतला, त्यामुळे फक्त तिचं नाक दिसायला लागलं. ती पुन्हा काहीतरी म्हणाली.

“सगळं ठीक आहे गं. तू तुझी काळजी घे.”

फोन बंद झाल्यावर थोड्या वेळाने तिचा मजकूर आला : ‘बाबा, मी विचारलं काय आणि तुम्ही सांगता काय. नसेल बोलायचं तर तसं सांगा.’ त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

आवाज गेलेला भाग चॅनेलने आठवड्याच्या मधेच पुन्हा दाखवला. संध्याकाळी टेलिफोनबाईंचे शब्द उमटले : “पुन्हा पाहिला, आवाजासकट. दातांआडच बोलली आहे. शेवटच्या वाक्याला आवाज खाली उतरला आहे. मी तिच्याबद्दल घाईने बोलले.”

“म्हणजे फिटरची थट्टा खरी निघाली?” कंपाउंडर. “फिटर, आता लॉटरीचं तिकीट घ्या.”

फिटरने फोन बराच वेळ हातात धरून ठेवला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी टूम काढली : शेवटचा भाग सगळ्यांनी त्यांच्या घरी एकत्र बघायचा. मोठा टीव्ही आहे, बायको माहेरी जाणार आहे, खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणता येतील. “आणि फिटर हवेतच. फिटर नसतील तर मीही माझ्या घरी येणार नाही.”

फिटरला खोली दिसली. माणसांनी भरलेली, पडदे ओढलेले, कोणी पाठीमागून काही बोलणार, कोणी तोंडात घास असताना. कारखाना सोडल्यावर एकदा तो जुन्या सोबत्याकडच्या बारशाला गेला होता. सगळे हसले की हसायचं, सगळे गप्प झाले की गप्प व्हायचं. परतताना बसमध्ये त्याचे गाल दुखत होते.

तो नाही कसं म्हणावं याचा विचार करत होता, तेवढ्यात टेलिफोनबाईंनी लिहिलं : “फिटर येणार असतील तर त्यांना टीव्हीच्या टेबलाजवळची खुर्ची द्या.”

“का? मास्तरांचा टीव्ही दुरुस्त करून घ्यायचाय का?” कंपाउंडर.

“दार फोडतात त्या भागानंतर त्यांनी लिहिलं होतं, हाताखाली टेबल हादरलं म्हणून. त्यांना जवळ बसायला आवडत असेल.”

असं आपण लिहिलं होतं, हे तो विसरूनही गेला होता. त्याचा हात या क्षणीही टेबलावर होता. चटका बसल्यासारखा त्याने तो उचलला.

‘घरी पाहुणे येणार आहेत,’ त्याने लिहिलं. ‘जमणार नाही.’

रविवारी त्याने जेवणाची भांडी लवकर घासली, पुठ्ठ्याची घडी नीट सारली आणि टेबलाशी खुर्ची ओढली. सुरू व्हायच्या आधी मास्तरांनी फोटो टाकला. शेजाऱ्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या खुर्च्या, वेफर्सचा परात भरून ढीग, पाठमोरी डोकी. टीव्हीच्या टेबलाजवळची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कोणी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.

भाग सुरू झाला. नाव मधोमध होती. काठावरच्या मुडद्यांत नावाडणीला तिचा भाऊ दिसला, तोच, ज्याला तिने मागे सोडलं होतं. ती ओरडली. तळहाताला बारीक काहीतरी लागलं. वल्हं पडलं, ते चांगलंच लागलं. भाऊ रांगेतून पुढे आला, पाण्याच्या कडेशी थबकला, आणि आजवर कोणत्याही मुडद्याने केलं नव्हतं ते त्याने केलं : पाण्यात पाय टाकला.

टेबल थांबलं.

फिटरने तळहात दाबला. मग दुसराही ठेवला. पडद्यावर नावाडणीचं तोंड उघडं होतं, खाली ओळ नव्हती. त्याने रिमोट घेऊन आवाज वाढवला. हिरवी पट्टी टोकापर्यंत गेली आणि टेबल तसंच, मेल्यासारखं. भाऊ छातीपर्यंत आला होता. नाव त्याच्याभोवती संथ गोल फिरत होती. तिने हात पुढे केला की मागे घेतला, हे कळायच्या आत कलाकारांची नावं वर सरकायला लागली.

या वेळी तो आधी लिहिणार नव्हता. एकदा हसण्यावारी गेलं होतं, दुसऱ्यांदा जाणार नव्हतं. फोन समोर ठेवून तो बसून राहिला.

“फिटर नाहीत, म्हणून इथेच लिहितो. शेवट लांबला,” मास्तरांचं आलं. “नाव आपली गोल गोल. गती मेली. दहापैकी चार.”

“मास्तर, मेलेल्या गतीने उठून चालायला लागायला हवं होतं,” कंपाउंडर. “मी पाहुणा म्हणून गप्प बसलो, पण जांभई आवरेना.”

आवाज गेला होता का, हे कोणीच लिहीत नव्हतं. फिटरने दोन्ही मजकूर पुन्हा वाचले. विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं. तो एक शब्द विचारायचीच चोरी होती.

मग टेलिफोनबाईंचं आलं, आणि ते लांबलचक होतं.

“ऐकलं तेवढं लिहून ठेवते, कामाची सवय आहे. भावाला हाक मारताना ती घरच्या बोलीत गेली, शेवटचं अक्षर लांब ओढलं. लहानपणी जेवायला बोलावतात तसं. मुडद्यांच्या घशातला आवाज आज चिखलातून चप्पल उपसल्यासारखा होता. वल्ह्याची कडी गंजलेली होती, दर खेपेला करकरत होती, आणि वल्हं पडल्यावर ती करकर थांबली. मग भावाने पाण्यात पाय टाकला. तिथून शेवटपर्यंत आवाज नाही. बिघाड नव्हे, मुद्दामच काढून टाकलाय. कोणालाच काही ऐकू आलेलं नाही. इथे खोलीतही कोणी बोललं नाही, कंपाउंडरसुद्धा.”

फिटर वाचत होता तेवढ्यात खाली आणखी दोन ओळी आल्या.

“आवाज नसला की मला त्यातलं काही कळत नाही. फिटर, शेवटाबद्दल तुम्ही लिहा.”

त्याने मान वर केली. पडद्यावर दुसराच कार्यक्रम लागला होता, कोणीतरी हातवारे करून काही विकत होतं आणि टेबल जोरात थरथरत होतं. त्याने टीव्ही बंद केला. टेबल पुन्हा थांबलं. एका हाताने, एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं : ‘भावाने पाण्यात पाय टाकला आणि टेबल थांबलं.’ ते त्याने वाचून पाहिलं नाही. पाठवून दिलं.

“कुठलं टेबल?” कंपाउंडरने लगेच विचारलं. “मास्तरांचं तर इथेच आहे, धडधाकट.”

“थांबा जरा,” टेलिफोनबाईंनी लिहिलं. “त्यांना लिहू द्या.”

त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. फिटरने टेबलावरचा हात उचलला आणि फोन दोन्ही हातांत धरला.