सदतीस नंबर

सातव्या मिनिटाला एक घंटी आणि आठव्याला दोन, एवढंच ताईंचं काम होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला, भिंतीला लागून, समोर पितळी घंटी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन त्या सकाळपासून बसल्या होत्या. मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांची संशोधन परिषद दरवर्षी याच सभागृहात भरे आणि दरवर्षी घंटी ताईंकडेच येई. अठ्ठावीस वर्षं इसीजीच्या पट्ट्या काढणाऱ्या बाईइतकं सेकंदाचं भान दुसऱ्या कुणाला असणार, असं विभागप्रमुख सर म्हणत. सगळं कॉलेज त्यांना पट्टीताई म्हणायचं. आता खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर ती आपल्यालाच आहे हे कळायला त्यांना क्षणभर लागे.

यंदा खरं तर त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांचे यजमान याच आवारातल्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, सहा दिवसांपासून खाटेवर बसून होते. बसून, कारण आडवं झालं की त्यांचा जीव गुदमरायचा. पण सकाळी त्यांनीच बायकोला पिटाळलं.

"जा गं तू. इथे माझ्या तोंडाकडे बघत बसलीस म्हणून मी काय लगेच टुणटुणीत होणार आहे? आणि आज आपली चिमणी बोलणार ना? ऐकून ये आणि मला सांग."

चिमणी म्हणजे चौथ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी. बोलायला लागली की चिवचिव थांबायची नाही, म्हणून हे नाव ताईंच्या नवऱ्यानेच पाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने एक अभ्यास हाती घेतला होता. चाळिशी-पन्नाशीतल्या निरोगी माणसांना लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढ-उतर करायला लावायची आणि नंतर त्यांची नाडी किती वेळात मूळपदावर येते ते बघायचं. साठ माणसं हवी होती. पोरगी अठ्ठावन्नवर अडून रडकुंडीला आली, तेव्हा ताईंनी शेजारच्या एका गृहस्थांना आणि आपल्या नवऱ्याला उभं केलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. "लोकांची लिफ्ट बंद पडली की मला जिने चढावे लागतात," असं तो सगळ्यांना सांगायचा. "सातव्या मजल्यावरचा माणूस खाली अडकलेला आणि मी वर निघालेला." त्या दिवशी पायरीवर तो असा काही चढला-उतरला की चिमणी मोजायचंच विसरली. नंबर चिठ्ठ्या काढून गुप्तपणे द्यायचे होते, म्हणून ताईंनी चिमणीला न दाखवता त्याच्या नोंदीच्या कागदावर चिठ्ठीत निघालेला सदतीस आकडा घातला. तो बघून म्हणाला, "शाळेत गणितात एवढेच पडायचे मला. काठावर पास."

त्याआधी ताईंनीच त्याला फॉर्म वाचून दाखवला होता. तपासण्या फक्त अभ्यासासाठी आहेत, नाव गुप्त राहील, अहवाल दिला जाणार नाही. खाली त्याची सही आणि साक्षीदार म्हणून ताईंची. इसीजी ताईंनी काढला, तो व्यवस्थित आला. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पलीकडच्या इमारतीत एका डॉक्टरने केली आणि कागद बंद लिफाफ्यात सरांच्या कपाटात गेला. आठवड्याभराने नवऱ्याने सहज विचारलं, "काय गं, माझ्या हृदयात काय निघालं?" तेव्हा ताई भाकरी वाढावी तितक्या सहज म्हणाल्या, "काही निघालं असतं तर बोलावलं असतं की."

पुढच्या वर्षी त्याला जिन्यात धाप लागायला लागली. दोन मजल्यांवर थांबून तो कठड्याला टेकायचा. ताई म्हणाल्या, वजन वाढलंय. मग म्हणाल्या, वय झालं. एकदा तोच म्हणाला, "एखाद्या डॉक्टरला दाखवू का?" त्यावर त्यांनी सांगितलं, "दाखवा हवं तर. पण तुमचं हृदय आमच्याकडे तपासून झालंय. ठणठणीत आहे." मग त्याने नाही दाखवलं. बायको हृदयाच्याच खात्यात, तिच्या शब्दावर आणखी कुणाचा शब्द घ्यायचा?

तीन दिवसांपूर्वी सर्जन ताईंना बाजूला घेऊन बोलले होते. ताई त्यांना ते विद्यार्थी असल्यापासून ओळखत होत्या. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, झडप गळतेय. जुनी गळती आहे. इतकी वर्षं हृदयाने ओढून नेलं, आता ते थकलंय. शंभरातलं पंधरा-अठरा भाग रक्तच पुढे ढकलतंय. छाती उघडली तर टेबलावरून परत आणता येणार नाहीत."

"आणि आधी आणलं असतं तर?"

"दीड-दोन वर्षांपूर्वी? तेव्हा झडप शिवली असती. बहुतेक आज कामावर असते." मग त्यांनाच ते बोलणं जड गेलं. "पण तेव्हा त्रासच नव्हता ना त्यांना. कळणार कसं."

हेच ताई तीन दिवस मनाशी घोकत होत्या. कळणार कसं.

चिमणी व्यासपीठावर आली. पांढरा कोट इस्त्रीचा, आवाज मात्र अडखळत होता. ताईंनी स्टॉपवॉच दाबलं. पहिल्या दोन मिनिटांत पोरीचा आवाज सुटला, आणि ताईंना नवऱ्याला सांगायला म्हणून एक-दोन वाक्यं ध्यानात ठेवावीशी वाटली. पाचव्या मिनिटाला पडद्यावर तक्ता आला. एकूण साठ. वगळलेले एक.

"वगळलेला सहभागी म्हणजे सदतीस नंबर," चिमणी म्हणाली. "गंमत म्हणजे पायरीवर हेच सगळ्यांत पुढे होते. पण इकोमध्ये त्यांच्या हृदयाची डावी झडप बरीच गळताना दिसली. म्हणजे ते निरोगी गटात बसत नव्हते. म्हणून नियमाप्रमाणे त्यांना वगळलं आणि एकोणसाठ जणांवर निष्कर्ष काढले."

पुढची चित्रं आली आणि गेली. ताईंचा अंगठा स्टॉपवॉचवर तसाच होता. काटा सातवरून पुढे सरकला, आठवर आला, आठच्याही पुढे गेला. अध्यक्षांच्या खुर्चीतून सरांनी मान वळवून पाहिलं. "ताई?" ते हळूच म्हणाले. तेव्हा ताईंनी घंटी वाजवली.

परीक्षकांपैकी एकाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "तो वगळलेला माणूस धरला असता तर सरासरी किती बदलली असती?"

"अर्ध्या सेकंदाने, सर."

"ठीक. विशेष फरक नाही." त्याने वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्याने आकडेमोडीची पद्धत विचारली, तिसऱ्याने वाहवा केली. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे सभागृहातल्या दोनशे जणांपैकी कुणी विचारलं नाही. ताईंनीही नाही विचारलं. पुढचा मुलगा बोलायला उभा राहिला होता आणि त्याची आठ मिनिटं मोजायची होती.

जेवणाच्या सुट्टीत चिमणी धावतच आली. "ताई, कसं झालं? मी शेवटी तुमचे आभार मानले, ऐकलंत ना? आणि घंटी मुद्दाम उशिरा वाजवलीत ना? कळलं मला."

ताईंनी तिला खिडकीपाशी नेलं. "सदतीस नंबर कोण होता, माहीत आहे तुला?"

"नाही. नावांची यादी सरांकडे. मला फक्त नंबर." तिने ताईंचा चेहरा पाहिला आणि तिची चिवचिव बंद पडली. "का हो?"

"काका होते तुझे."

 काका आजारी आहेत, वर आहेत, हे तिला ठाऊक होतं. कशाने आजारी आहेत हेही तिने सगळ्यांसारखंच ऐकलं होतं. दोन्ही टोकं तिच्या मनात जुळायला वेळ लागला आणि जुळली तेव्हा तिने खिडकीच्या गजाला हात लावला.

"मी सरांना विचारलं होतं, ताई. खरंच. म्हटलं, हे जे कोण आहेत त्यांना सांगायला नको का? सर म्हणाले, बघतो. मग माझी परीक्षा आली. मला वाटलं, सांगितलं असेल."

"वाटणारच. मलाही वाटत होतं, काही असतं तर कुणीतरी सांगितलं असतं."

सर आपल्या खोलीत डबा उघडून बसले होते. ताई आत गेल्या, त्यांनी दार लोटलं आणि उभ्यानेच सांगितलं. सरांनी डब्याचं झाकण परत लावलं. बराच वेळ त्यांनी ते नीट बसवण्यात घालवला.

"लिफाफा सीलबंद असतो, ताई. अभ्यास संपेपर्यंत उघडायचा नाही, असं समितीने मंजूर केलेलं. तुम्हाला माहीतच आहे. फॉर्मवर तसं लिहिलेलंय, साक्षीदार म्हणून तुमचीच..." ते थांबले. ते वाक्य पुरं करण्याइतके वाईट नव्हते ते.

"हो, माझीच सही आहे. पण अभ्यास संपल्यावर?"

"संपल्यावर मी विसरलो." सरांनी चष्मा काढला. त्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "मला वाटलं, इको करणाऱ्याने तिथल्या तिथे कानावर घातलं असेल. त्याला वाटलं असेल, मी घालीन. लिफाफा अजून कपाटातच आहे. मला ठाऊक असतं ना, तुमचे आहेत..."

"दुसऱ्या कुणाचे असते तरी कुणाचे तरी असतेच ना, सर."

 सर उठून म्हणाले, "मी वर येतो. सर्जनशी बोलतो."

"बोलून झडप शिवतील का आता?"

सर पुन्हा खाली बसले. ताईंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. वाटेत त्यांनी त्यासाठी शब्दही जुळवले होते. पण समोरचा माणूस डब्यावर हात ठेवून असा बसला होता की ओरडणं म्हणजे पडलेल्याला लाथ मारल्यासारखं झालं असतं. आणि सरांवर एक बोट उगारलं की उरलेली बोटं कुणाकडे वळतात, हे त्यांना पक्कं कळत होतं. ठणठणीत आहे, असं सर कधीच म्हणाले नव्हते.

बक्षीस समारंभ संपून त्या वर गेल्या तेव्हा साडेचार वाजले होते. नवरा खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता. पावलं सुजून चकचकीत झाली होती. बायकोला पाहताच त्याने विचारलं, "काय झालं? नंबर लागला का पोरीचा?"

"पहिली आली."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?" एवढं बोलून त्याला दम घ्यावा लागला. "आमचं नाव घेतलं का?"

"नावं घेत नाहीत तिथे."

"मग पायरीचं? तेही नाही?"

ताई पाण्याचा पेला जागेवर ठेवत होत्या. तो उगाच दोनदा सरकवून त्या म्हणाल्या, "म्हणाली, एक जण सगळ्यांत पुढे होता."

"मी?"

"तुम्हीच."

त्याचा चेहरा असा खुलला की ताईंना भिंतीकडे बघावं लागलं. त्याने पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना हाक मारून सांगितलं, "आजोबा, ऐकलंत का? आपण संशोधनात पहिले आलो." आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात चिमणी दारात दिसली. ताई उठून बाहेर गेल्या. पोरीचे डोळे रडून लाल झाले होते. हातात प्रमाणपत्राची सुरळी.

"मी त्यांना सांगते, ताई. मला सांगू द्या. त्यांचं शरीर आहे, त्यांना कळायला हवं ना?"

"दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. आता कळून ते काय करतील?"

"पण मग आपणही तेच करतोय ना. त्यांच्यापासून लपवतोय."

 पोरगी खरं बोलत होती. त्यांनी पदराने, आपले पुसावेत तसे, तिचे डोळे पुसले. "आत ये. पण रडायचं नाही. तुझ्या बक्षिसाचं त्यांना फार कौतुक आहे."

चिमणी आत आली, स्टुलावर बसली आणि तिने सुरळी उलगडून दाखवली. त्याने ती दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचली, शिक्कासुद्धा पाहिला.  खालचा ओठ दातांत धरून ती नुसती बसली होती. शेवटी त्यानेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं, मला बघून घाबरलीस होय? डॉक्टर व्हायचंय ना तुला? असे पुष्कळ बघावे लागतील. एवढं मनाला लावून घेऊ नये."

ती गेल्यावर तो म्हणाला, "पोर फार हळवी आहे. डॉक्टरकीत निभेल का?"

"निभेल," ताई म्हणाल्या.

त्यानंतर त्याला अकरा दिवस मिळाले. त्या अकरा दिवसांत ताईंनी त्याला सांगितलं नाही. सांगायला म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं. सर रोज येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहत, हवापाण्याचं बोलून जात. त्याला मात्र वाटे, बायकोला कॉलेजात केवढा मान आहे.

पण त्या दिवशी, चिमणी गेल्यावर, त्याला झोप अनावर झाली. सहा दिवस तो धड झोपला नव्हता. खाटेचा वर उचलायचा भाग मोडलेला. दांडा फिरवला की कुरकुरत वर यायचा आणि टेकलं की खाली बसायचा. "आतल्या चाकाचे दाते झिजलेत," तो डोळे मिटताना पुटपुटला. "माझी हत्यारं असती तर दहा मिनिटांचं काम." उशा रचून पाहिल्या, त्याही घसरल्या. तो पुढे कलंडायला लागला.

मग ताईंनी चपला काढल्या आणि त्या खाटेवर चढून बसल्या, त्याच्याकडे पाठ करून. पाठीला पाठ लावली, टाचा गादीत रोवल्या आणि त्याचा सगळा भार आपल्यावर घेतला. थोड्या वेळाने त्याची मान मागे येऊन त्यांच्या खांद्यावर टेकली. वॉर्डात भेटायला आलेली माणसं येत-जात होती, त्यांच्याकडे बघत होती. नर्स गोळ्या घेऊन आली, तिला ताईंनी हातानेच थांबवलं. त्याचा श्वास त्यांच्या पाठीत लागत होता, तोकडा, भरभर, मध्येच अडणारा. त्या हलल्या नाहीत.