बोगद्यातली शिट्टी

मलकापूरच्या क्रांतीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ती अख्ख्या घराला कामाला लावी. यंदा शिरला वाऱ्याचा बोगदा! प्लायवूडची लांब पेटी, तोंडाशी पंखा, मध्ये पवनचक्कीचं इवलंसं पातं. पात्याच्या कडेला करवतीसारखे दात पाडले की आवाज कमी होतो, हे तिला सांगलीच्या प्रदर्शनात दाखवायचं होतं. पण पंखाच एवढा बोंबलायचा की पात्याची कुजबुज त्यात बुडून जायची.

मदतीला चुलते, कृष्णाततात्या. तोफखान्यातून नुकतेच निवृत्त. साखर कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याची त्यांची नोकरी ठरत आली होती आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्या नोकरीत अडकला होता. तात्यांनी पंखा पेटीपासून सुटा केला, थरथर पोचू नये म्हणून मध्ये कापडी नळा जोडला, आतून जुन्या गादीचा फोम चिकटवला. आवाज निम्म्यावर आला. उरली एक बारीक शिट्टी, तीही पंखा पूर्ण जोरात फिरला तरच. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडून पंखा सुस्त, आणि लाइटीला दाब यायचा तो नेमका क्रांती शाळेत असताना. म्हणून शिट्टी जिथून येते ती फट शोधून बुजवायचं काम तात्यांवर आलं. संध्याकाळी तिनं विचारलं, शिट्टी गेली का? तात्या म्हणाले, गेली की.

सांगलीत पंखा सुरू झाला आणि शिट्टीनं कान किटले. दातांचं पातं लावा, बिनदातांचं लावा, नाहीतर पेटी रिकामी ठेवा, मायक्रोफोनचा आकडा तोच. परीक्षक हसून पुढे गेले. तात्यांशेजारी त्यांचे जुने सोबती हंबीरराव उभे होते. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी तेच. क्रांतीला ते दिसत होते, तरी जीभ आवरली नाही.

"आवं तात्या, शिट्टी तशीच हाय की."

"कुठली गं?"

"सगळ्या हॉलला ऐकू येतीया. तोफंनं कान गेल्यात तर सांगायचं हुतं. बहिऱ्याच्या भरवशावर बसले मी."

हंबीररावांनी तात्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कवापासनं रं, कृष्णात?"

गेटवरच्या माणसाला अंधारातली हाक ऐकू यावी लागते, हे तिथं कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

परतीच्या एसटीत क्रांती त्यांच्या शेजारी बसली. इस्लामपूर मागे पडेपर्यंत तिनं मनात शब्द जुळवले, मग म्हणाली, "तात्या, माझं चुकलं."

इंजिनाच्या घरघरीत तात्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

आता ओरडूनच सांगावं लागणार होतं, भरल्या गाडीत. एवढ्या मोठ्यानं ती आज एकदा बोलून बसलीच होती.

"काय न्हाई," तिनं हातानंच खुणावलं.