ओळंब्यातला गुलाब

गवंडीदादांचा उभा जन्म भिंती सरळ उभ्या करण्यात गेला होता. त्यामुळे गुलाबाची वेल लावल्यावर तिलाही ओळंबा लावण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वरून वजन बांधलेली दोरी सोडायची, त्या रेषेत खिळे ठोकायचे आणि फांदी सुतळीने आवळून बांधायची. एखादी जरा कलली की यांच्या कपाळाला आठी!

वेल लावली ती बायकोसाठी. तिच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आता उठून बसायला हवं, नाहीतर कायमच्या अंथरुणालाच खिळाल. पण तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "खिडकीत फूल आलं की बसेन," एवढंच म्हणायची. दादा मनातून पार घाबरले होते.

वेल मात्र खालच्या, तिच्या खिडकीला नुसते काटे दाखवून तरातरा वर गेली आणि फुलली कुठे, तर थेट वरच्या मजल्यावर, वहिनींच्या खिडकीत. या दोघी जावांचा कित्येक वर्षांचा अबोला. कारण आता दोघींनाही धड आठवत नव्हतं, पण अबोला चोख पाळला जात होता. दादांनी खत वाढवलं, वेल आणखी वर गेली. शेंडे छाटले, तर दुप्पट जोमाने गेली. त्यांचं डोकंच चालेना.

एकदा ते शिडीवर चढलेले असताना वहिनी खिडकीतून वाकल्या. "भाऊजी, आडवी बांधा तिला. सरळ गेली की शेंड्यालाच फुलते. आडवी केली की फांदीच्या डोळ्याडोळ्याला कोंब फुटेल."

"पण मग तुमच्याकडे फुलं येणार नाहीत."

"तेवढं कळतं मला," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली.

दादा शिडीवरच घुटमळले. यात काय डाव असेल? फांद्या मोडाव्यात म्हणून तर नाही? हातची फुलं कोण देतं? काही केल्या उलगडा होईना. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यांनी कोवळ्या फांद्या हळूहळू वाकवल्या आणि खालच्या खिडकीच्या गजांवर आडव्या बांधल्या. आपल्याच हातचं ते वाकडं काम त्यांना बघवेना.

काही आठवड्यांनी गजागजाला गुलाब लागले. बायको कण्हत, त्यांच्या खांद्याला धरून उठून बसली. दादांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ही अक्कल तुमची नाही. कुणी सांगितलं?"

दादांना खोटं बोलता येईना. "वरच्या वहिनींनी."

तिने वर छताकडे पाहिलं. "आणि आता तिच्या खिडकीत काय आहे?"

"काही नाही. खिडकीभोवती नुसती भिंत."

तिने गजांतून हात घालून बुडाशी नव्याने फुटलेला जाडजूड कोंब दाखवला. "हा सोडा वर. सरळ."

"अगं, सगळ्यांत जोमदार आहे तो! पुढे हाच फुलणार."

"म्हणूनच," ती म्हणाली.

दादा सुतळी हातात धरून एकदा वर बघत होते, एकदा तिच्याकडे.