वाघोबाची पाळी

गाइड संघटनेचा कम्प्युटर सांभाळणाऱ्या साक्षीनं पाळ्यांच्या डेटाबेसचं इंजिन बदलायला मंगळवार निवडला, कारण मंगळवारी जंगलाचं गेट बंद. बुधवारी पहाटे मात्र पाळ्यांची यादी भिंतीवर लागलीच पाहिजे. नाहीतर चाळीस गाइड आणि त्यांची ऐंशी तोंडं.

गाइड रंजीताची जंगलात जायची पाळी महिन्यात दोनदा बुडाली होती. नोंद होत असतानाच लाइन गेली. डेटाबेसनं तिची पाळी झाली म्हणून कापली, पण तिच्या नावावर सफारीची जिप्सी लिहिलीच नाही. "तिसऱ्यांदा झालं तं मी चालली चंद्रपूरले, दुकानात कामाले," ती म्हणाली होती. रागात म्हणाली असती तर साक्षीनं सोडून दिलं असतं. शांतपणे म्हणाली.

"चालून राह्यलं ना बाई, मंग इंजिन काऊन बदलवतं?" अध्यक्ष देवाजीभाऊ दारातच उभे. त्यांच्या हिशेबी जिप्सीचं काय न् डेटाबेसचं काय, इंजिन उघडलं की बिघडलं.

"भाऊ, जुनं इंजिन अर्धं लिहिते न् झोपते. नवं लिहीन तं पुरं, नाई तं काहीच नाई. न् यादीत नाव नसन त्याले पाळीच देत नाई."

भाऊंचा चेहरा उतरला. साक्षीनं तेही मनात टिपलं.

तिनं आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली, मग इंजिन बदललं. पण पाळ्या गाइडांच्या यादीला जोडताना नवं इंजिन अडून बसलं. बारा पाळ्यांना धनीच नव्हता. दर महिन्याची पहिली पाळी, गाइड क्रमांक शून्य.

"हा शून्य कोन, भाऊ?"

भाऊ पंख्याकडे पाहू लागले. "वाघोबा. त्याच्या जंगलात जातो, तं पहिली पाळी त्याची. वहीत लिहत होतो, मंग याच्यात लिहली. जुन्यानं कधी इचारलं नाई."

"खोडू?"

"खोडून पाह्य!"

साक्षीनं खोडलं नाही. गाइडांच्या यादीत नवा माणूस भरला: नाव वाघोबा, गाव जंगल.

"मोबाइल नंबर?"

"रिकामा ठेव. तिकडं रेंज नाई."

इंजिननं मान्य केलं. मग साक्षीनं तपासायला रंजीताची नोंद मुद्दाम अर्ध्यावर आणली. "भाऊ, आता प्लग काढा."

"मी?"

"तुमीच. मंग मले बोल लावता येनार नाई."

भाऊंनी डोळे मिटून प्लग ओढला. कम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा रंजीताची पाळी जशीच्या तशी शाबूत. भाऊंनी परत ओढला. शाबूत. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा साक्षीनं तो धरला.

बुधवारी एक तारीख होती. यादीत पहिला वाघोबा, दुसरी रंजीता.

"त्याच्या मांगं नंबर असला तं चालते मले," रंजीता म्हणाली आणि जिप्सीत चढली.