ल ची गाठ

नाव ऐकताच शेषेराव पेंटरने तोंडाशी नेलेला चहाचा कप टेबलावर ठेवला.

"पंचशीला व्हय? बरं, बरं," तो म्हणाला. "चहाचं ऱ्हाऊ द्या बाई. पित्त हाय मला."

पित्त कसलं ते पंचशीलाला ठाऊक होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. या माणसाचा तर सुंभही शाबूत होता.

लातूर जिल्हा होऊन चार दिवस झाले होते आणि नव्या कचेरीची पाटी अजून रंगायची होती. तीन पेंटरांनी पत्र्यावर नमुने करून आणले होते. साहेबांनी ते तिच्याकडे सरकवले, कारण कचेरीत सगळ्यांत सुरेख अक्षर तिचं. ती ज्याला 'मान्य' लिहील, त्याला काम.

शेषेरावाने तिला ओळखलं नव्हतं. तिने मात्र त्याला दारातच ओळखलं. बहात्तरच्या दुष्काळात गावात एकच विहीर ओली राहिली, तेव्हा पंचांच्या सांगण्यावरून यानेच तिथे पाटी रंगवली होती: 'बौद्धवाड्यातल्यांनी लांब उभे राहावे. पाणी वरून मिळेल.' तीही पैसा न घेता, हौसेने. असल्या हलकटाला आज 'नामंजूर' लिहायला मिळणार म्हणून मघापासून तिचा हात शिवशिवत होता.

तिने नमुने पुन्हा पाहिले. एकाची अक्षरं फतकल मारून बसलेली. दुसऱ्याची आजाऱ्यासारखी एकमेकांवर रेललेली. आणि शेषेरावाचं 'लातूर' नुसतं बघत राहावं असं. मेल्याच्या हातात एवढं देणं कुणी दिलं, याचाच तिला संताप आला.

तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'शेषेराव पेंटर यांनी केलेला नमुना मान्य.'

तो वाकून वाचू लागला.

"अक्षर लई झ्याक हाय, बाई. कुण्या गुरुजीनं शिकिवलं?"

"गुरुजीनं न्हाई," ती म्हणाली. "दुष्काळात आमच्या विहिरीवर तुम्ही पाटी लावली होती. आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणी पाणी घालेपर्यंत मी मातीत तुमची अक्षरं गिरवायची."

शेजारचा टाइपरायटर थांबला. पंचशीला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेषेरावाने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तरीच," तो म्हणाला. "लांबून बघितलं म्हणून ल ची गाठ चुकली तुमची. ती खालून वर घ्यायची असती."

कागद टेबलावर ठेवून, पत्रा काखोटीला मारून तो गेला. लाज म्हणून औषधाला नव्हती. पंचशीलाने त्याचा गार झालेला चहा खिडकीबाहेर ओतला. त्या माणसावर थुंकावं असं तिला वाटलं.

मग तिने कोरा कागद घेतला आणि तोच शेरा पुन्हा लिहिला. 'केलेला'शी आल्यावर टाक थांबला. तिने ल ची गाठ खालून वर घेतली. ती नेमकी बसली, तशी दातओठ खात तिने खाली सही केली.